भिंतीत बसवलेल्या विंडो एसीतून खोलीत पाणी येतं तेव्हा

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. एसीखालच्या भिंतीवर एक ओघळ उतरतो, रंगाला फुगे येतात, मग पोपडे सुटतात. एसीवाला येतो, मशीन धुतो, कधी गॅसही भरतो. काही दिवस बरं जातं आणि पुन्हा तोच ओघळ. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. दरवर्षी सर्व्हिसचे पैसे जातात आणि दर दिवाळीला तेवढाच भिंतीचा तुकडा रंगवावा लागतो.

अशा ठिकाणी मशीन क्वचितच दोषी असतं. दोष असतो भिंतीतल्या भोकात, चौकटीत किंवा उतारात. गवंडी भोक पाडून जातो, सुतार चौकट ठोकून जातो, एसीवाला मशीन आत सरकवून जातो. उतार कोणी बघायचा आणि बाहेरची फट कोणी बुजवायची, हे तिघांपैकी कोणालाच सांगितलेलं नसतं. नंतर तक्रार झाली की बोलावणं जातं फक्त एसीवाल्याला, आणि तो त्याच्या हातात असतं तेवढं करतो. म्हणून ही तक्रार मिटत नाही.

आधी पाणी कुठलं ते ओळखा

एसीतून खोलीत दोन तऱ्हेचं पाणी येतं. एक मशीनने हवेतून काढलेलं, दुसरं पावसाचं. दोघांचे उपाय अगदी वेगळे आहेत, त्यामुळे हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

जोराचा पाऊस असेल त्या दिवशी एसी पूर्ण बंद ठेवा आणि खाली भिंतीला टेकवून वर्तमानपत्र पसरा. एसी बंद असूनही कागद भिजला तर पाणी पावसाचं. पाऊस नसलेल्या पण दमट दिवशी एसी तीन-चार तास चालवल्यावर भिजला तर पाणी मशीनचं. जुन्या कामांत दोन्ही कारणं एकदम सापडतात, तेव्हा दोन्ही वेळा बघा. भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, आला असेल तर पाणी प्लास्टरच्या आतून प्रवास करतंय, आणि तिथे पावसाचा संशय आधी घ्यावा.

विदर्भात आणि मराठवाड्यात एक फसगत हमखास होते. मे महिन्यात तिथली हवा इतकी कोरडी असते की एसी जवळजवळ पाणी काढतच नाही. उतार उलटा असला तरी थेंब पडत नाही. जूनमध्ये हवेत ओल आली की पाणी सुरू होतं आणि घरातले म्हणतात, पाऊस आत येतोय. मग बाहेरून सिलिकॉन भरलं जातं, आणि खरा दोष तसाच राहतो. मुंबई, कोकण, गोव्यात मात्र दमटपणा आणि आडवा पाऊस हातात हात घालूनच येतात, तिथे कागदाची परीक्षा जास्त काळजीने करावी लागते.

मशीनचं पाणी

दमट दिवशी दीड टनाचं मशीन तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतं. ते पुढच्या थंड कॉइलवरून खालच्या ट्रेमध्ये पडतं, मधल्या पन्हाळीतून मागे जातं आणि मागच्या तोंडातून बाहेर पडतं. अनेक मशीनांत मागच्या पंख्याच्या कडेला एक कडी असते. ती साठलेलं पाणी उडवून गरम कॉइलवर मारते, त्याने कॉइल थंड राहते. पावसाळ्यात मागून येणारा छप-छप आवाज त्याचाच. तो बिघाड नाही, त्यासाठी मेकॅनिकला बोलावू नका.

पाण्याने मागे जावं यासाठी मशीनचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा किंचित खाली हवं. साधारणपणे पाव ते अर्धा इंच, म्हणजे 6 ते 12 मिलिमीटर. काही मशीनांच्या ट्रेलाच आतून उतार दिलेला असतो, त्यामुळे मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेला आकडा शेवटचा मानावा. जास्त उतार दिला म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. मग मागे पाणी खोल साठतं, पंखा त्यात आपटतो आणि सगळा भार बाहेरून टेकू देणाऱ्या लोखंडी अँगलवर जातो.

उतार मोजताना लोक पुढच्या प्लास्टिकच्या जाळीवर लेव्हल ठेवतात. तिथे काहीच कळत नाही, जाळी स्वतःच वाकडी बसलेली असू शकते. बहुतेक विंडो एसींचं मशीन कॅबिनेटमधून, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या पेटीतून, पुढे ओढून काढता येतं आणि कॅबिनेट भिंतीत राहतं. सर्व्हिसच्या दिवशी मशीन बाहेर असतं, तोच मोका. कॅबिनेटच्या तळाच्या पत्र्यावर, आतून बाहेर अशा दिशेने स्पिरीट लेव्हल ठेवा. बुडबुडा खोलीच्या बाजूला सरकला पाहिजे. मधोमध थांबला किंवा बाहेर गेला, तर कारण सापडलं.

आता, बसवताना उतार बरोबर होता आणि तरी वर्ष-दोन वर्षांनी पाणी आलं, असं का? इथे ही तक्रार परत परत येण्याचं मूळ आहे. सुतार चौकट सरळ ओळंब्यात ठोकतो. उतार हवा म्हणून एसीवाला पुढच्या बाजूला कॅबिनेटखाली लाकडाची पाचर किंवा प्लायवूडचा तुकडा सरकवतो. कॉम्प्रेसरच्या थरथरीने पाचर हळूहळू निसटते, प्लायवूड ओलीने फुगून नंतर कुजतं, पुढची बाजू बसते आणि उतार आतल्या दिशेला होतो. सर्व्हिसला मशीन ओढताना पाचर खाली पडली आणि परत कोणी लावलीच नाही, हेही सर्रास होतं. म्हणून उतार पाचरीवर सोडू नका. तो चौकटीच्या खालच्या पट्टीतच रंधून घ्यावा, किंवा पट्टी बसवतानाच खाली सिमेंटच्या मसाल्याचा उतार द्यावा. पाचर वापरावीच लागली तर ती पूर्ण रुंदीची, सागवानी किंवा जाड रबराची असावी आणि स्क्रूने पक्की केलेली असावी.

दुसरं कारण मागच्या पाइपाचं, आणि ते सोसायट्यांमध्ये जास्त दिसतं. खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करतात की तुमच्या एसीचं पाणी आमच्या छज्ज्यावर टपटपतं. तक्रार रास्त असते. मग कोणीतरी मागच्या तोंडाला पाइप लावतो, तो ग्रिलवरून वर चढवून मग खाली सोडतो. पाणी वर चढत नाही, ते मागेच साठतं आणि वाट मिळेल तिथून पुढे येतं. कधी पाइपाचं टोक डब्यात सोडतात, डबा भरला की टोक पाण्यात बुडतं आणि ओघ मंदावतो. सगळ्यात वाईट म्हणजे ते तोंड एम-सीलने बंदच करून टाकणं. पाइप जरूर लावा, शेजाऱ्यांसाठी लावायलाच हवा. पण तो तोंडापासून शेवटपर्यंत उतरताच असला पाहिजे, कुठेही झोळ नको, आणि टोक मोकळं हवं.

तिसरं, पन्हाळीत साचलेलं शेवाळ आणि धुळीचा चिकट गाळ. हे मात्र खरंच एसीवाल्याचं काम, आणि मशीन भिंतीत ठेवून पुढून फक्त फवारा मारला तर ते होत नाही. ओढून बाहेर काढून, ट्रे आणि मधल्या पडद्याखालची वाट धुतली पाहिजे.

हे सगळं झाल्यावर तांब्याची परीक्षा घ्या. मुख्य स्विच बंद करून प्लग काढा. पुढची जाळी आणि फिल्टर काढून कॉइलच्या पायथ्याशी, विजेच्या भागांपासून दूर, एक तांब्याभर पाणी सावकाश ओता. आधीच्या पाण्याने ट्रे भरलेला असेल तर ते लगेच मागून बाहेर यायला लागेल, कोरडा असेल तर दुसरा तांब्या लागेल. पुढून एक थेंबही येता कामा नये. एसीवाला समोर असतानाच हे करून घ्यावं.

तळाशी भोक पाडून पाणी खाली सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर स्पष्ट नाही म्हणा. ट्रेखालून, बाजूने नळ्या जातात. ड्रिल एखाद्या नळीत घुसलं तर मशीनच संपतं, आणि सध्याच्या बऱ्याच मशीनांतला आर-32 गॅस थोडाफार ज्वलनशील आहे.

उतार आणि निचरा ठीक असूनही पुढून थेंब पडत असतील तर दोन गोष्टी उरतात. एक, कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो एकदम वितळून ट्रेबाहेर पडतो. बर्फ धरायचं कारण बहुतेक वेळा मळलेला फिल्टर असतो, कधी कमी गॅस. गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता दरवर्षी गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. दोन, चौकट आणि कॅबिनेट यांच्यामधल्या फटीतून बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड प्लास्टिकवर तिचं पाणी होतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम यावा तसं. अशा वेळी थेंब पुढच्या जाळीच्या कडांवर दिसतात, ट्रेमध्ये काही बिघडलेलं नसतं. फट बुजवली की थांबतं.

पावसाचं पाणी

मुंबई-कोकणात पश्चिम आणि नैऋत्य दिशेच्या भिंतींवर पाऊस आडवा येऊन आपटतो. त्या भिंतीत एसी असेल तर भोकाभोवतीचं काम खिडकीइतकंच नीट हवं. बहुतेक ठिकाणी ते होत नाही. भोक छिन्नी-हातोड्याने पाडलेलं असतं, आतल्या विटा उघड्या असतात, त्यावर लाकडी चौकट आणि राहिलेल्या फटीत फोम.

हा फवारून फुगणारा पीयू फोम फट भरायला चांगला, पाणी अडवायला नव्हे. वाळल्यावर सुरीने कापला की त्याची पेशी-पेशी उघडी पडते, आणि उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो. बाहेरच्या बाजूला फोम उघडा दिसत असेल तर तिथून पाणी येणारच आहे असं समजा. फोम आत असावा, त्यावर बाहेरून प्लास्टर किंवा सीलंट.

सीलंटमध्येही फरक आहे. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला छान चिकटतं, पण सिमेंटच्या प्लास्टरवर टिकत नाही. एका पावसाळ्यात त्याची दोरी सुटून हातात येते. प्लास्टर आणि पत्रा यांच्या जोडावर न्यूट्रल सिलिकॉन, म्हणजे आंबूस वास नसलेलं, किंवा पीयू सीलंट वापरा. पीयू सीलंटवर रंगही बसतो. जागा कोरडी आणि धूळ झाडलेली नसेल तर कुठलंच सीलंट धरत नाही.

आता मुख्य जागा, भोकाचा खालचा उंबरठा. तो बाहेरच्या बाजूला उतरता हवा. सपाट असेल तर पाणी साठतं आणि चौकटीची खालची पट्टी त्यात भिजत राहते. ही पट्टी आतून कोरडी दिसते आणि बाहेरून कुजलेली असते. एक साधा पेचकस घेऊन टोचून बघा, सहज घुसला तर चौकट बदलायची वेळ झाली आहे. पट्टी बदलताना तिच्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर, बाहेरच्या कडेला सिमेंटचा वाटा, म्हणजे उतरता काठ, आणि शक्य असेल तर गंजरोधक पत्र्याची पट्टी द्या, जी भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा थोडी बाहेर येऊन खाली वळलेली असेल. वर छज्जा नसेल तर कॅबिनेटच्या वरच्या जोडावरही तसाच पत्र्याचा छोटा पडदा हवा. पत्र्याचं वरचं टोक प्लास्टरमध्ये खाच पाडून आत घालावं. नुसतं भिंतीला टेकवून सीलंट मारलेला पत्रा पुढच्या वर्षी पाणी मागून आत घेतो.

वरच्या कोपऱ्यांकडेही बघा. तिथून तिरकी चीर वर गेली असेल तर विटांच्या भिंतीत लिंटेल, म्हणजे भोकावरचा भार पेलणारी आडवी पट्टी, न देता बहुधा भोक पाडलेलं आहे. चौकट भिंतीचा भार घेण्यासाठी नसते. तिथे चीर बुजवून भागणार नाही. वर दोन लोखंडी अँगल किंवा तयार लिंटेल, दोन्ही बाजूंना निदान सहा इंच टेकू मिळेल असं बसवावं लागेल.

आणि अँगलचे बोल्ट. ही जागा सगळे विसरतात. बाहेरचा अँगल भिंतीला जिथे बोल्टने धरतो, तिथलं छिद्र आतल्या बाजूला उतरतं असेल तर पाणी बोल्टवरून चालत खोलीत येतं. ओल एसीच्या बरीच खाली, दोन वेगळ्या ठिपक्यांत दिसत असेल तर बोल्टचाच संशय घ्या. वॉशरखाली सीलंट भरून परत आवळलं की बऱ्याचदा काम होतं.

कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंती असतात. जांभा दगड सच्छिद्र आहे, पाणी त्यात मुरतं आणि फुटा-दीड फुटावर भलतीकडेच बाहेर पडतं. चिऱ्यात भोक पाडल्यावर चारही आतल्या बाजू सिमेंटच्या गिलाव्याने आणि वॉटरप्रूफिंगने पूर्ण बंद केल्याशिवाय चौकट बसवू नये. बाहेरून कितीही सीलंट मारलं तरी उघड्या चिऱ्याला ते पुरत नाही.

गळती कुठून ते सापडत नसेल तर पाइपाने पाणी मारून शोधता येतं, पण ते खालून वर. आधी फक्त उंबरठ्याच्या खाली, दहा मिनिटं. मग दोन बाजू. मग वरचा जोड. आत एक माणूस बघत असावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे उतरतं आणि काहीच कळत नाही. वरच्या मजल्यावर खिडकीतून वाकून हे करू नका. परांची किंवा दोराचं काम करणाऱ्यांना बोलवा.

भोक नव्याने करायचं असेल तर

तळापासून दुरुस्ती करायची ठरली तर आणखी दोन गोष्टी त्याच वेळी तपासून घ्या.

पहिली, भिंत कशाची आहे. अलीकडच्या अनेक इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्यात सळ्या असतात आणि या भिंतीच इमारतीचा भार घेतात. तिथे भोक पाडायचंच नाही, सोसायटी परवानगी देईल की नाही हा पुढचा प्रश्न. तुळई आणि खांबांचंही तेच. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर सैल होतात. तिथे अँगलचे बोल्ट आरपार घेऊन आतून लोखंडी प्लेट द्यावी लागते. दीड टनाचं मशीन 50 किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतं आणि खाली माणसं चालत असतात.

दुसरी, भिंतीची जाडी. आपल्याकडचे विंडो एसी बाजूच्या आणि वरच्या फटींमधून हवा आत घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. त्या सगळ्या फटी भिंतीच्या बाहेर राहिल्या पाहिजेत. नऊ इंची विटांची भिंत, दोन्हीकडचं प्लास्टर धरून दहा इंचांच्या वर जाते. जुन्या दगडी इमारतींत त्याहून कितीतरी जास्त. फटी भिंतीत गाडल्या गेल्या की मशीन श्वास घेऊ शकत नाही, कॉम्प्रेसर तापतो, बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो, आणि वीज जाते ती वेगळीच. ‘एसी थंड करत नाही’ म्हणून मशीन बदललं आणि नवंही तसंच निघालं, अशा घरांत आधी हे बघावं. भोकाच्या बाहेरच्या कडा तिरक्या छाटून मोकळं तोंड करता येतं. तेवढ्यानेही फटी मोकळ्या होत नसतील तर त्या भिंतीत विंडो एसी बसवू नका, स्प्लिट घ्या.

अमेरिकेत न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या अपार्टमेंटांत राहायला गेलेल्यांना नेमकी उलट अडचण येते. तिथे भिंतीत लोखंडी पेटी, म्हणजे स्लीव्ह, कायमची बसवलेली असते. त्यासाठीच्या मशीनला बाजूच्या फटी नसतात, हवा घेणं-सोडणं सगळं मागून चालतं. त्या पेटीत दुकानातला स्वस्त विंडो एसी घालू नका, त्याच्या फटी पेटीत बंद होतात. नवं मशीन घेण्याआधी पेटीची रुंदी, उंची आणि खोली तिन्ही मोजा. 26 इंच रुंदीच्या पेट्या बऱ्याच दिसतात, पण उंची आणि खोली कंपनीगणिक बदलते आणि अर्ध्या इंचाने घात होतो. मागची जाळी जुन्या मशीनची असेल तर तीही बदला, कारण हवेच्या वाटा जुळल्या नाहीत तर गरम हवा परत आत ओढली जाते. पेटीलाही बाहेरच्या बाजूला उतार हवाच. मशीन आणि पेटी यांच्यामधली फोमची पट्टी जुनी होऊन चेपली असेल तर नवी लावा.

भिंतीचं आणि सीलंटचं काम एप्रिल-मेमध्येच करून घ्या. प्लास्टर वाळायला आणि सीलंट धरायला कोरडे दिवस लागतात. पाऊस सुरू झाल्यावर लक्षात आलं तर तात्पुरतं म्हणून वरच्या जोडावर ताडपत्रीची आडवी पट्टी लावता येते, मात्र मागची जाळी आणि बाजूच्या फटी झाकू नका. प्लास्टिक गुंडाळून एसी चालवला तर कॉम्प्रेसर जळू शकतो. ओल प्लगपॉइंटपर्यंत पोचली असेल, किंवा एसी लावला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत असेल, तर एसी बंद ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो स्विच परत परत वर करून बघू नका.